दोन विहिरींचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी बशी आहे. चहाची नव्हे, शाळेच्या प्रयोगशाळेतली. आता फार थकले आहे. हे सगळं नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

मी चिनी मातीची. भट्टीत भाजले गेले, पेंढ्यात गुंडाळून आगगाडीने अकोल्याला आले आणि तिथून बैलगाडीने बाळापूरजवळच्या एका गावच्या हायस्कुलात. ते १९५९ साल होतं. माझं काम एकच. पोटात पाणी घ्यायचं आणि ते आटेपर्यंत स्पिरिटच्या दिव्यावर तापायचं.

विज्ञान शिकवायला महादेवराव मास्तर होते. ते म्हणाले, "पुस्तकातलं पानी राहू द्या. आपापल्या घरचं आना."

वर्गातल्या देवमनने गावचे मोठे शेतकरी भगवंतराव यांच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणलं. त्याच्या घरी तेच भरत. ते माझ्यात आटवलं, तर तळाशी जेमतेम एक डाग उरला. मग मैनाने बौद्ध वस्तीच्या विहिरीचं पाणी ओतलं. ते आटल्यावर माझ्या तळावर मिठाचं पांढरं पूट बसलं.

"म्हनून हिच्या घरची डाळ शिजत नाही!" देवमन हसला.

मैना हसली नाही. "सर, गोड पानी कुठं हाय हे ठाऊक असून आमची विहीर खाऱ्या जमिनीत कोनं खोदवली?"

 मास्तरांनी जगाचा नकाशा उघडला आणि दूरच्या देशांतही चांगली जमीन अन् चांगलं पाणी ताकदवानांच्याच वाट्याला कसं गेलं, ते दाखवलं. शेवटी म्हणाले, "जमिनीत खार कावून, कशानं येते, ते पुस्तकात आहे. तुह्या प्रश्नाचं उत्तर गावात विचारा लागते."

शाळा सुटल्यावर मास्तर आणि मैना मला घेऊन भगवंतरावांच्या मळ्यात गेले.

"काका, हे पाहा," मैना म्हणाली. "आमाले रोज घरटी एक गुंडभर पानी तरी भरू द्या."

"मास्तर, पोट्टीले शास्त्र शिकवता का भांडन?" भगवंतरावांनी विचारलं.

"शास्त्रच," मास्तर म्हणाले. त्यांनी मला पुढे धरलं.

भगवंतरावांनी नखाने थोडं पूट खरवडलं, जिभेवर ठेवलं आणि थुंकले. आपल्या विहिरीचं पाणी मागवून दोनदा चूळ भरली. मग म्हणाले, "नाही जमत."

महिन्याभरात मास्तरांची चिखलदऱ्याला बदली झाली.

नव्या सरांनी प्रयोग बंद केला नाही. पण तेव्हापासून आजवर दुकानातलं मीठ पाण्यात विरघळवतात आणि माझ्यात आटवतात. मीठच उरतं. सगळ्यांना पूर्ण गुण मिळतात. मैना मॅट्रिक झाली, त्या दिवशीही ती घरी खारंच पाणी प्यायली.

मित्रांनो, मला धुऊनपुसून ठेवा, एवढंच मागावं असं मनात होतं. पण मला तडा गेला तरी चालेल. माझ्यात दुकानातलं मीठ ओतू नका. आपल्या घरचं पाणी आणा, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचंही.