गिरनारची थाप

थाप मारायची तर देवाच्या नावाने मारावी. कोणी तपासायला जात नाही. म्हणून शेव-उसळीच्या गाडीवर तुकोजीरावांनी "काय कांचनबाई, आज प्लेट नको?" असं विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं, "गिरनार चढायचाय. दत्ताला नवस बोललेय. हे धूड उतरवल्याशिवाय कसं जमणार?"

तुकोजीराव आमच्या रावपुऱ्यातल्या बँकेचे हेड कॅशियर. एकदा मी त्यांच्या डब्याच्या पिशवीत वीट ठेवली होती. ती त्यांनी घरापर्यंत नेली आणि बायकोला विचारलं, ही कशाला दिलीस. असा सरळ माणूस. त्यांनी हातातली प्लेट खाली ठेवून दत्ताला हात जोडले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बँकेला कळलं.

खरं काय ते फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला, विश्रामला माहीत होतं. सयाजीगंजातल्या एका दवाखान्यात आमचं टेस्ट ट्यूब बेबीचं चाललं होतं. मी एकेचाळीसची. डॉक्टर मोहना माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण बोलायची हेडमिस्ट्रेससारखी.

"आधी दहा किलो उतरवा, मग इंजेक्शनं सुरू करू. भूल द्यायची असते, इतकं वजन चालत नाही. पण उपाशी राहायचं नाही, काढे-बिढे प्यायचे नाहीत. डाळ, भाजी, भाकरी, दही, आणि रोज चालणं. गोड आणि तळलेलं बंद. आणि कांचनबेन, फार लांबवू नका. तुमची स्त्रीबीजं आधीच थोडी उरलीत. चारेक महिन्यांत या."

"चार महिन्यांत ह्यांनी घरातला पंखा दुरुस्त नाही केला," मी विश्रामकडे बोट दाखवलं. "पण बघते."

"विश्रामभाईंनीही उतरवायचंय," डॉक्टर म्हणाली. विश्राम काट्यावर चढला तेव्हा मी मागून हळूच एक पाय टेकवला. आकडा बघून तो बिचारा पट्टा सोडायला लागला.

आता कोणी म्हणेल, घरात लपवायचं कशाला? तर मागच्या वेळी साधे उपचार घेतले होते, तेव्हा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, भजनी मंडळात सांगितलं. मग प्रत्येक एकादशीला आठ बायका माझ्या पोटाकडे बघत टाळ वाजवायच्या. उपचार फसले, टाळ चालूच. पुन्हा ते नको होतं. आणि मला पोर हवं होतं ते काही वंशाचा दिवा वगैरे नाही. मला माझ्यासारखं टवाळ कार्टं हवं होतं. विश्रामच्या चपलांना एकमेकींत गाठ मारून दाराआडून माझ्याबरोबर हसणारं. घरात एकटीने खोड्या काढायला मजा नाही.

थाप मस्त खपली. फक्त एक गोष्ट मी विसरले. हे बडोदं आहे. इथे बारीक व्हायचं म्हणालात तर लोक हसतील, पण गिरनार चढायचं म्हणालात तर खायला घालतील.

पहिल्या आल्या शेजारच्या विमलबेन. हातात थाळी, थाळीत सुखडी, गूळ-तुपातल्या वड्या, वर तूप चमकतंय.

"कांचनबेन, गिरनार तो ताकदनुं काम छे. दहा हजार पगथियां, पायऱ्या. पायात तूप पाहिजे तूप."

"विमलबेन, मी जरा वजन..."

"वजन तो चढताना आपोआप उतरेल. लो, माझ्यासमोर खाओ."

आणि खरंच समोर उभ्या राहायच्या. तोंडातला घास गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. एकदा मी सुखडी गालात ठेवून हो-हो करत होते, तर म्हणाल्या, दाढ दुखतेय का, आणि लवंग आणायला गेल्या. तेवढ्यात मी सुखडी खिडकीतून गाईला टाकली. गाय रोज यायला लागली, पण विमलबेन गाईपेक्षा हुशार. दुसऱ्या दिवसापासून लवंग बरोबरच आणायच्या.

दिवाळी गेली, थंडी आली. मग आईंनी कढई काढली.

"पायऱ्या चढायच्या म्हणजे गुडघे जातात गं. डिंकाचे लाडू करते. रोज एक, माझ्यासमोर."

डिंकाचे लाडू. आमच्याकडे बाळंतिणीला देतात. खारीक, खोबरं, तळलेला डिंक, गूळ. आईंनी ते मला दुधाबरोबर दिले आणि डोक्यावरून हात फिरवला. मी खाल्ले. नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं तर का नाही, आणि का नाही म्हटलं की टाळ सुरू.

विश्राम रात्रपाळीला रिफायनरीत निघताना म्हणाला, "कांचन, सांगून टाक ना आईला. तुझे चार महिने लाडवात चाललेत."

"सांगते. संक्रांत होऊ दे."

संक्रांतीला गच्चीवर पतंग, उंधियू आणि जिलेबी. संक्रांत झाली. मी दवाखान्यात गेले. काट्यावर चढताना चपला काढल्या, बांगड्या काढल्या, केसातल्या पिना काढल्या, मंगळसूत्र काढून विश्रामच्या हातात दिलं. नर्स म्हणाली, "आता नवऱ्याला पण सोडणार का?" एवढं करून वजन दीड किलोने वाढलेलं.

डॉक्टर मोहना रागावली नाही. तिने पेन खाली ठेवलं, त्याचीच भीती वाटली. "कांचनबेन, वजन पुन्हा उतरवता येतं. बीजं पुन्हा भरता येत नाहीत."

त्या दिवशी घरी येऊन मी दुसरी थाप मारली. सांगितलं, दत्त स्वप्नात आले. म्हणाले, दर्शन होईपर्यंत गोड आणि तळलेलं वर्ज्य. विमलबेननी कानाला हात लावला आणि सुखडी परत नेली. आईंनी लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. एका वाक्यात काम झालं. हे मला दिवाळीतच सुचायला हवं होतं. थाप मारायला मी कधी उशीर करत नाही. इथेच झाला.

मग मात्र नीट केलं. सकाळी कमाटीबागेत चालायचे. आधी विश्रामच्या मागे, नंतर पुढे. मूग, पालेभाजी, ज्वारीची भाकरी, वाटीभर दही. भूक लागली की खायचं, पोट भरलं की उठायचं, इतकं सोपं असतं हे मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. उपवास नाहीत, काढा नाही. महिन्याला दीड-दोन किलो जात होते. उन्हाळ्यात पंजाबी ड्रेस सैल झाले. पावसाळ्यात अंगठी बोटातून गळून भाजीवाल्याच्या कोथिंबिरीत पडली. तुकोजीराव म्हणाले, "बाई, तुम्ही अर्ध्या झालात. उरलेली अर्धी कुठे ठेवलीत?" मी म्हटलं, तुमच्या डब्याच्या पिशवीत बघा. त्यांनी बघितलं.

गणपती बसले त्या आठवड्यात काट्यावर आकडा बसला. दहा किलो, वर थोडं जास्तच. नर्सने टाळ्या वाजवल्या. विश्रामने माझा फोटो काढला, काट्यासकट. मग रक्त घेतलं, सोनोग्राफी केली.

दोन दिवसांनी डॉक्टरने बोलावलं. टेबलावर पेढे ठेवलेले होते, दुसऱ्या कोणीतरी आणलेले.

"वजन अगदी बरोबर झालंय," ती म्हणाली. "साखर, बीपी, सगळं छान. पण बीजं आता जवळपास नाहीतच. इंजेक्शनं देऊन काही हाती लागेल असं वाटत नाही. मी तुम्हाला खोटी आशा नाही देणार."

"जानेवारीतच वजन उतरवून आले असते तर?"

"तेव्हाही भरवसा नव्हता."

"पण बीजं होती."

"थोडी होती." मग ती म्हणाली, "दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन करता येतं. तुमचं शरीर आता तयार आहे. विचार करा."

शरीर तयार आहे. मी म्हटलं, "म्हणजे मांडव घातला, जेवण शिजलं, आणि नवरी पळाली." डॉक्टर हसली नाही. विश्रामही नाही. मीच हसले, तर ते हसू तसंच राहिलं, खोलीत एकटं.

स्कूटरवर विश्राम म्हणाला, "दुसरीचं घ्यायचं तर माझी ना नाही."

"माझी आहे."

"का?"

"पोर तुझ्यावर जाईल. दोन-दोन सरळ माणसं मी कुठे ठेवू?"

तो सिग्नलला थांबला. हिरवा झाला तरी थांबलेलाच. मागून सगळ्यांनी हॉर्न वाजवले.

मला वाटलं होतं विषय संपला. पण गिरनार कुठे संपला होता? दिवाळीनंतर सगळे विचारायला लागले, कधी जाताय. मी म्हटलं, रोपवेने जाऊन येते. तुकोजीराव दुखावले. "एवढं वजन उतरवलंत ते पाळण्यात बसायला?" त्यांनी गुडघ्यांसाठी नारळ दिला. विमलबेननी दिला, पोराच्या कॅनडाच्या व्हिसासाठी. आईंनी दिला तो लाल फडक्यात बांधून.

"तुला माहितीये काय मागायचं ते," त्या म्हणाल्या. "मी ओळखलंय, पण कोणाला सांगितलं नाही हो. मंडळातसुद्धा नाही."

तेव्हा बॅग भरावीच लागली.

पहाटे चढायला लागलो. विश्राम पहिल्या टप्प्यातच धापा टाकायला लागला. जैन देवळांपाशी बसला, म्हणाला, तू हो पुढे. मी झाले. काय सांगू, दम लागला नाही. गुडघे दुखले नाहीत. म्हाताऱ्या, पोरं, डोलीवाले, सगळ्यांना मागे टाकत गेले. एवढं चांगलं शरीर मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं आणि त्याला दुसरं काही काम नव्हतं.

वर वारा. पादुकांसमोर गर्दी, पुजारी पुढे ढकलतोय. मी तुकोजीरावांचे गुडघे सांगितले. विमलबेनचा व्हिसा सांगितला. लाल फडकं ठेवलं आणि म्हटलं, हा आईंचा. त्यांना सांगायचं कसं तेवढं सुचव.

घरी आलो तर आई दारातच.

"मागितलंस ना?"

"मागितलं."

आत स्वयंपाकघरात खमंग वास. कढईत डिंक फुलत होता.

"चढून आलीस, अंग दुखत असेल. आता दर्शन झालं, वर्ज्य संपलं," असं म्हणत त्यांनी पहिला लाडू वळून माझ्या हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या.

मी खाल्ला. चांगला झाला होता. त्यांनी दुसरा दिला, तोही खाल्ला.