फलश्रुतीच्या शेजारचं पान

मी एक जुना कागद आहे आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला ‘बिचारा’ म्हणायचं नाही. कडा कुरतडलेल्या आहेत, एका कोपऱ्यावर वाळवीनं ताव मारलाय, रंग चहासारखा झालाय, हे सगळं मान्य. पण गेल्या वर्षी मला जाळायचं ठरलं होतं आणि तरी मी आज तुमच्याशी बोलतोय. तेव्हा मान ताठ ठेवूनच बोलणार.

जुन्नरला कुकडीच्या काठी पूर्वी कागद बनवणाऱ्यांची घरं होती. लोक त्यांना कागदीच म्हणत. जुने दोर, गोणपाटं, चिंध्या, असं लोकांनी टाकून दिलेलं काय काय त्यांनी चुन्यात भिजवलं, कुटलं, नदीत धुतलं आणि त्या लगद्यातून मी झालो. मग अंगाला खळ फासली आणि गुळगुळीत दगडानं दोन्ही बाजूंनी घोटलं. घोटताना जीव नकोसा झाला, खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यामुळेच माझ्यावरची शाई तीनशे वर्षं फुटली नाही.

नाणेघाट उतरून मी चौल बंदरात पोहोचलो. तिथे विसाजी नावाचा दुभाषी राहत असे. सगळे फिरंगी एकच आणि त्यांची बोलीही एकच, असं तो धरून चालला होता. एके दिवशी पोर्तुगालचा एक गोलंदाज, इटलीचा एक पाद्री आणि फ्रान्सचा एक वैद्य त्याच्यासमोर जेवायला बसले. एकानं ‘साल’ मागितलं, दुसऱ्यानं ‘साले’, तिसऱ्यानं ‘सेल’. तिघांच्याही पुढे मीठच आलं. विसाजी चाट पडला. या तिन्ही बोली तर सख्ख्या बहिणी दिसतात, नांदायला तेवढ्या वेगवेगळ्या घरी गेल्यात, हे त्याच्या ध्यानात आलं.

त्यानं मला पुढ्यात ओढलं आणि चार रकाने आखले. तिघांनी आपापल्या रकान्यात आपल्या लिपीत शब्द लिहिले. विसाजीनं खाली मोडीत उच्चार लिहिले आणि चौथ्या रकान्यात मराठी शब्द मांडला. घोड्याला काव्हालु, काव्हाल्लो, शव्हाल. किल्लीला चावे, कियावे, क्ले. यातलं पहिलं नाव पुढे तुमच्या घरी येऊन राहिलं आणि आता तुम्ही आईकडे चावी मागता. खाली तिघांनी आपली नावं घातली. पाद्रीबुवांनी तर नावाभोवती वेलबुट्टीसुद्धा काढली.

माझे तेव्हा फार लाड झाले. बंदरावरचे इतर दुभाषी माझ्या नकला करून नेत. मग चौलच्या किल्ल्यावरचा अंमल बदलला, माझे तिघे सोबती कुठल्या कुठे गेले आणि मला विचारणारं कुणी उरलं नाही. रद्दीच्या गठ्ठ्यातून मी पुन्हा घाट चढून आलो. आणे गावातल्या एका घरची पोथी बांधायला आली होती आणि बांधणाऱ्याला पुठ्ठ्याच्या आत लावायला कागद हवा होता. त्यानं मला खळ लावून चिकटवलं, वरून दुसरा कागद डकवला, आणि मी अंधारात गेलो.

किती वर्षं? दीडशे तरी असतील. दर श्रावणात पोथी उघडायची, वाचन व्हायचं, फलश्रुती झाली की मिटायची. माझं एक अक्षर कुणाला दिसत नव्हतं. मी मात्र सगळी पोथी ऐकली आणि आज ती मला तोंडपाठ आहे. तरी बाहेर आल्यावर मला परका ठरवलं, याचा राग येणार नाही तर काय होईल?

गेल्या वर्षी त्या घरातले दादाभाऊ श्रावणाआधी पोथी जुन्नरला घेऊन आले. घरी कांद्याची शेती आणि स्वतः चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. पोथीची शिवण उसवली होती, म्हणून ती त्यांनी महंमद हनीफ यांच्या बायंडिंगच्या दुकानात दिली. हनीफभाई कागद्यांच्याच घरातले. त्यांच्या घरात कागद बनवणं थांबून कितीतरी पिढ्या झाल्या, पण कागदाचा हात गेला नाही. आता तो हात थरथरतो, म्हणून शिवणकाम त्यांची मुलगी नसीम करते. तिनं ओल्या फडक्यानं पुठ्ठा दोन दिवस हळूहळू मऊ केला आणि मला सोडवलं. दीडशे वर्षांनी उजेड पाहिला, मित्रांनो, आणि पहिला चेहरा तिचा दिसला.

दादाभाऊंना बोलावून घेतलं. मला पाहताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ह्ये इंग्रजी आमच्या पोथीत कुनी घातलं?”

“इंग्रजी न्हाई, भाऊ,” हनीफभाई म्हणाले. जुनी दप्तरं बांधून बांधून त्यांना मोडी वाचता येऊ लागली होती. “तीन मुलखांची बोली हाय. खाली तिघांची नावं हायेत. एक त्यातला पाद्री दिसतोय.”

“पाद्री? म्हंजी आमची पोथी बाटली की.” दादाभाऊंचा आवाज खाली आला. “श्रावनातलं वाचन सात पिढ्या आमच्या घरी हाय. भावकीत ह्ये कळलं तर सोपानकाका उद्याच वाचनाचा मान त्यांच्या घरी नेतील. जाळून टाका ह्ये. आन् कुनापाशी बोलू नका, राव.”

ते गेले.

आता या दुकानाचे दोन नियम तुम्हाला सांगायला हवेत. गिऱ्हाइकाच्या पुस्तकातून निघालेलं चिटोरंसुद्धा ठेवून घ्यायचं नाही, परत द्यायचं, हा एक. दुसरा त्याहून जुना, कागद्यानं कागद जाळायचा नाही.

“अब्बा,” नसीम म्हणाली, “जाळायचं न्हाई, ठिवायचं न्हाई. मंग परत द्यायचं. पन पोथीसकट.”

हनीफभाईंनी चष्मा पुसला. “नियम मोडत न्हाई ना? मंग कर.”

पोथीतलं फलश्रुतीचं पान निखळलेलं होतं. पुस्तकात पानं जोडीनं असतात, मधोमध दुमडून शिवलेली. फलश्रुतीच्या पानाचा जोडीदार कधीच हरवला होता. नसीमनं खळ शिजवली, पातळ कागदाची पट्टी घेतली आणि मला त्या पानाशी जोडून दिलं. मग दुमड घालून आम्हा दोघांच्या मधून दोरा ओवला. सुई टोचली, पण मी हूं की चूं केलं नाही.

ठरल्या दिवशी दादाभाऊ आले. सोबत त्यांची आई होती, प्रयागबाई. नसीमनं काही लपवलं नाही. पोथी उघडून शेवटचं पान दाखवलं.

“मी काय सांगितलं व्हतं?” दादाभाऊ लालेलाल झाले. “काढ ते.”

“ह्ये काढलं तर फलश्रुतीचं पान बी सुटंल,” नसीम म्हणाली आणि कात्री त्यांच्यापुढे ठेवली. “कापायचं तर तुमी कापा, दादा. मी कापनार न्हाई.”

दादाभाऊंनी कात्री उचलली. तिची पाती माझ्या कडेला लागली तेव्हा मी भ्यालो, हेही सांगतो. पण गयावया केली नाही.

“थांब,” प्रयागबाई म्हणाल्या. “काय लिवलंय त्यात, ते तरी इचार.”

हनीफभाई वाचू लागले. मीठ. घोडा. किल्ली. पानी. रात. प्रयागबाई कान देऊन ऐकत होत्या.

“मीठ-पानीच हाय की. ह्यात बाटन्यासारखं काय हाय, दादा? तू व्हावास म्हनून ह्याच पोथीवर हात ठिवून मी नवस बोलले व्हते. फळला का न्हाई? तवा बी ह्यो कागद आतच व्हता न्हवं?”

दादाभाऊंनी कात्री खाली ठेवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. “ऱ्हाऊ द्या मंग. पन फलश्रुती झाली की मी पोथी मिटनार. फुडचं पान कोन बघतंय?”

हनीफभाईंनी माझ्यावरचे सगळे शब्द बालबोध, म्हणजे देवनागरी अक्षरांत एका चिठ्ठीवर उतरवले आणि चिठ्ठी माझ्याजवळ ठेवून दिली.

श्रावण आला. सारी भावकी जमली. दादाभाऊंनी शेवटच्या दिवशी फलश्रुती वाचली आणि पोथी मिटायला हात उचलला. तेवढ्यात शेजारी बसलेले सोपानकाका पुढे वाकले. “दादा, त्ये फुडचं पान कसलं रं? इंग्रजी दिसतंय.”

माना वळल्या. बायंडरनं चुकून घातलं, एवढं म्हटलं असतं तरी दादाभाऊ सुटले असते. नसीम जुन्नरला होती, तिला कळलंही नसतं. मी त्यांच्या अंगठ्याखाली होतो. अंगठा त्यांनी बाजूला घेतला.

“इंग्रजी न्हाई ते,” दादाभाऊ म्हणाले. “आमच्या पोथीतलंच हाय. बसा, वाचून दावतो.”

आणि त्यांनी चिठ्ठी उघडून वाचलं. साल, साले, सेल. जीभ अडखळत होती, मागे पोरं खुसखुसत होती. सोपानकाका तोंड वाकडं करून बसले, पण उठून कुणी गेलं नाही. वाचन यंदाही त्याच घरी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठल्या पुठ्ठ्यात, कुठल्या डब्याच्या तळाशी माझे भाऊबंद असतील. अक्षर ओळखीचं नाही म्हणून त्यांना काडी लावू नका. आधी वाचणारा शोधा. नाहीच सापडला, तर होते तिथे नीट ठेवून द्या. आम्हाला थांबायची सवय आहे.