विदूषक दुसऱ्या अंकात जातो

वच्छला गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा बसलिंगप्पाच जास्त रडला. चाळीतल्या बायका त्याला पाणी देत होत्या, बाप्ये त्याची पाठ चोळत होते. बायको माझी गेली होती. मी ओट्यावर कोरडाच बसलो होतो. शेजारची केराबाई कुणाला तरी म्हणाली, "सोंगाड्या त्यो. त्याला रडायचं कुटं म्हाईत हाय?"

बसलिंगप्पा आमच्या कापडाच्या मिलमध्ये जॉबर म्हणजे मुकादम, मी साच्यावर कापड विणणारा. आमच्या खात्यातली माणसं गणपतीत दर वर्षी एकच नाटक करायची. एक राजा खोट्या चहाडीवर विश्वास ठेवून राणीला हाकलतो. विदूषक खरं सांगतो, म्हणून त्यालाही हाकलतो. विदूषक रानात मरतो. शेवटी राणीचं प्रेत येतं आणि राजा रडून रडून प्राण सोडतो. राजा बसलिंगप्पा, विदूषक मी. नऊ वर्षं.

माझं काम दुसऱ्या अंकात संपायचं. मी लगेच मंडपामागच्या नळावर जाऊन तोंडाचा सफेदा धुवायचो. नंतर पाणी जायचं आणि सकाळी सातची पाळी असायची, हे एक कारण. दुसरं हे की बसलिंगप्पाच्या मरणावर पडणारे हुंदके मला ऐकवत नसत. घरी यायचो तर वच्छलाचे डोळे लाल. मी विचारायचो, "माझ्या कामाला हसलीस का न्हाय?" ती म्हणायची, "हसले की." एवढंच. राजासाठी डोळे सुजवायचे आणि नवऱ्याला नुसतं 'हसले की'. हे मी नऊ वर्षं गिळलं.

शहात्तरच्या पौषात ती काविळीनं गेली. उन्हाळ्यात मी जुनी वही पुढ्यात घेऊन तेच नाटक नव्यानं लिहिलं. सगळी गोष्ट विदूषक सांगतो. तो रानात मरत नाही, शेवटपर्यंत उभा राहतो. राजा प्रेतावर पडून रडायला लागला की म्हणतो, "महाराज, हळू. राणीसाहेबांची झोप मोडेल." राजा मरायला लागला की त्याला जागा झाडून देतो. बसलिंगप्पाच्या रडण्यावर लोकांनी हसावं, एवढंच मला हवं होतं. ते हसले असते तर वच्छलाचं रडणंच चुकीचं ठरलं असतं.

रविवारी दुपारी चाळीच्या चौकात मी ते वाचून दाखवलं. मला वाटलं, बसलिंगप्पा चिडेल. तो पोट धरून हसला.

"अय्यो रावजी, लई ग्वाड लिवलंस की! मला पार गाढव केलास."

त्यानं माझा राग आणखी वाढला.

मग शेवटच्या प्रवेशाची तालीम सुरू झाली. राणीचं काम करणारा कुंडलिक सतरंजीवर आडवा झाला. बसलिंगप्पानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाला, "माझा विदूषक कुठं आहे? तो एकटाच खरं बोलत होता. कुणी पाहिलं का त्याला?"

"हे कुटलं?" मी म्हणालो. "वहीत न्हाय."

"सवयीनं आलं की."

"कसली सवय?"

प्रेत झालेला कुंडलिक डोळे न उघडताच म्हणाला, "नऊ वर्सं म्हणतोय त्यो. तालमीत तुमी आपलं काम झालं की घरी जाता, खेळाला नळावर असता."

बसलिंगप्पा म्हणाला, "वैनीनं घालायला लावलं. पयल्या वर्षी तालमीला डबा घिऊन आल्या तवा म्हणल्या, अण्णा, राणीसाठी समदे रडत्यात, पर त्यो बिचारा रानात मेला त्याला कुनी इचारत न्हाय. तुमी तरी इचारा. तवापासनं इचारतो. मी इचारलं की बायकांच्या बाजूनं पयला हुंदका वैनीचा. मग बाकीच्यांचा."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"मला वाटलं तुला म्हाईत हाय. नवरा तू."

नऊ वेळा ती माझ्यासाठी रडली आणि नऊही वेळा ते त्यानं ऐकलं. मी पाठ फिरवून तोंड घासत होतो.

कुंडलिक उठून बसला. "पर आता तर इदूषक हितंच उबा हाय. मग इचारायचं कुनाबद्दल?"

मी वहीची शेवटची चार पानं फाडली.

"इदूषक दुसऱ्या अंकात जाईल," मी म्हणालो.

"लई हसू हुतं की त्यात," बसलिंगप्पा हळहळला.

"पयल्या दोन अंकांत हाय तेवढं बास."

त्या गणपतीत मी काम संपवून नळावर गेलो नाही. रंगवलेल्या तोंडानं पडद्यामागं उभा राहिलो. राजानं माझ्याबद्दल विचारलं. बायकांच्या बाजूनं हुंदका आला. केराबाईचा असावा.

बसलिंगप्पाचा मला अजून हेवा वाटतो. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारतो, नाटकाला वच्छला कुठं बसायची? परवा म्हणाला, "दुसऱ्या रांगेत, खांबापाशी." त्याआधी तिसरी रांग सांगितली होती. राजाच तो, काहीही ठोकून देईल. पण विचारायचं तर त्यालाच.