चार बदकांचं तळं

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे, वाटीएवढी बुटकी. दूरचं जवळ आणणं मला जमत नाही. समोर जेवढं म्हणून आहे, तेवढं सगळं मी पोटात घेते. तरुणपणी पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या आत्याबाईंच्या कॅमेऱ्यावर माझाच मान होता. मग हातभर लांबीची नवी लेन्स आली, दूरच्या पक्ष्याचं पीस न् पीस दाखवणारी! माझी रवानगी बॅगेच्या तळाशी झाली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझ्या वाट्याला नऊ वर्षं आली. खोटं कशाला बोलू, वाईट वाटायचं.

एका उन्हाळ्यात गावाबाहेरचं तळं बुजवायचं ठरलं. "चार बदकांसाठी किती अडून बसायचं?" नगरपालिकेचे साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बैठकीत आत्याबाईंनी तळ्याचे फोटो दाखवायचे, एवढी एकच संधी उरली होती.

आत्याबाईंच्या भाचीनं काळजीपोटी मोठ्या लेन्सला रात्रभर एसीच्या खोलीत ठेवलं. मी बॅगेसकट पडवीतच राहिले. पहाटे तळ्याकाठच्या दमट हवेत ती गारठलेली काच बाहेर निघाली आणि तिला दरदरून घाम फुटला. भाची पुसायची, काच पुन्हा धुरकट व्हायची.

"अगं, गार आहे तोवर असंच होणार. जुनी लाव."

"आत्या, तिच्यात पक्षी मुंगीएवढे दिसतील!"

"दिसू देत. मोजता आले म्हणजे झालं."

तेवढ्यात ऊन पाण्यावर आलं आणि सगळं तळंच जणू उठलं. या काठापासून त्या काठापर्यंत पंखच पंख! आवाजानं कॅमेरा थरथरला. इतकं आकाश, इतके जीव माझ्यात मावतील असं मलाही वाटलं नव्हतं. भाची बटण दाबायचंच विसरली. आत्याबाईंनी कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठे फोटो निघाला.

बैठकीत साहेबांनी चष्मा लावला. फोटोच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून मोजू लागले. दोनशेच्या पुढे चुकले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकले. मग हळूच म्हणाले, "मी रोज तिथूनच जातो हो." बुजवायचा ठराव त्याच दिवशी मागे घेतला गेला.

आता माझ्या काचेच्या कडेला बुरशीचे ठिपके आलेत. मला कोरड्या जागी ठेवा, मऊ फडक्यानं पुसा, एवढं मागणं आहेच. पण मित्रांनो, त्याआधी ते तळं सांभाळा. समोर बघायला काही उरलंच नाही, तर माझी काच लख्ख असून काय करायचंय?