वासाची फेरी

"फेरी मारून या, काका," प्लांट चालवणाऱ्या सिद्धीने रजिस्टर पुढे सरकवले. "मग प्लांट सुरू करू."

गोकुळदास बायकोचे, वत्सलेचे, बारावे उरकून आजच कामावर आला होता. गोव्यातल्या कोरगावच्या सड्यावर, कातळी माळावर, काजूंच्या मधोमध, शेतकरी सोसायटीचा हा छोटा प्लांट. उन्हाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा, हवेतून नायट्रोजन, आणि दोघांचा संसार लावून दिला की अमोनिया. तो पाण्यात मुरवला की भाताला, माडांना खत. फाटकाशी खतासाठी कॅन घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला, कृष्णनाथला, हे अजून पटलेले नव्हते.

"उदक आमचें, वारो आमचो, सूर्य आमचो," तो म्हणाला. "आनी खत तेवडें सोसायटीचें."

अमोनिया गळला तर आधी नाकाला कळतो. भिंतीवरचे यंत्र दमट हवेत उगाच बोंबलायचे, म्हणून रोज सकाळी माणसाने वास घेत अमोनियाच्या टाकीभोवती फिरायचे, असा नियम. तो माणूस गोकुळदास. डिचोलीकडच्या खाणीवर पंप चालवण्यात त्याची वीस वर्षे गेली, मग खाण बंद पडली, मग साथीच्या तापात वास गेला. तो परत आला नाही. नोकरी देताना नाकाविषयी कोणी विचारले नाही. एकट्या वत्सलेला ते ठाऊक होते, कारण आंबलेले माशांचे हुमण त्याने दोनदा मागून घेतले होते.

तेव्हा वत्सलाच रोज पेजेचा डबा घेऊन त्याच्याबरोबर यायची, टाकीभोवती हिंडायची, "कांय ना" म्हणायची आणि घरी जायची. एकदा तिने बारीक गळती पकडली. "कोंबयांच्या खुराड्यासारको वास येता हांगा." गोकुळदासने नट आवळला. वर्धापनदिनाला सोसायटीने शाल-श्रीफळ देऊन त्याच्या नाकाचा सत्कार केला. वत्सला दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. नारळ मात्र तिने स्वतःच्या हाताने फोडला.

गोकुळदास फेरी मारून आला. 'वास' या रकान्यात तीन वर्षे त्याने 'नाही' लिहिले होते. त्याने पेन उघडले. कृष्णनाथच्या मागे आता आठ-दहा माणसे जमली होती. दोघे तर टाकीच्या सावलीतच टेकले होते.

"बाय, प्लांट चालू करूं नाका," गोकुळदास म्हणाला.

"का? गळतंय?"

"माका खबर ना. माका वास येना. पाच वर्सां जालीं."

सिद्धीला ती थट्टा वाटली. तिने कपाटातली नमुन्याची बाटली काढली, बूच उघडून त्याच्या नाकाखाली धरली आणि स्वतःच खोकत मागे सरली. गोकुळदासच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"बघा, येतोय की."

"ना. ही झोंबणी. वास ना."

बारा दिवसांत त्याला रडू आले नव्हते. नातेवाइकांत त्याची कुजबूजही झाली होती. आता बाटलीने ते काम करून टाकले, आणि बूच लावल्यावरही ते थांबेना.

"मग इतके दिवस?" सिद्धीने हळूच विचारले.

"ती घेताली."

सिद्धीने रजिस्टर स्वतःकडे ओढले. नवा माणूस मिळेपर्यंत फेरी मी मारीन, म्हणाली. काकांना सौर पॅनेल पुसायचे काम देता येईल का, ते सोसायटीला विचारते, म्हणाली.

"शाल परत दिवची पडतली रे," कृष्णनाथ फाटकाशी म्हणाला.

"दितलों," गोकुळदास म्हणाला.

दुपारी तो घरी आला तेव्हा मुलगी, सुविधा, आईची ट्रंक उघडून बसली होती. एक निळे लुगडे तिने तोंडाशी धरले होते.

"कसलो वास येता?" त्याने विचारले.

"आयचो."

"म्हणजे कसो?"

सुविधाने पुन्हा श्वास घेतला. "सांगूक येना, बाबा."

"कितले दीस रवतलो?"

त्याने लुगडे तिच्या हातून घेतले, घडी करून आत ठेवले आणि ट्रंकेचे झाकण लावले. मग चारी बाजूंनी बोट फिरवत, कुठे फट राहिली आहे का, ते पाहत बसला.