सत्यभामेच्या खोपीतले दहा पांडव

आमच्या गावात नोव्हेंबरच्या मध्यावर दुपारच्या गाडीनं दोन म्हातारी माणसं उतरली. पाच आठवडे झाले तरी त्यांनी कुणाकडं काही मागितलं नाही, कुणाला काही विकलं नाही, कुणाला कशाला हो म्हणायला लावलं नाही. एवढ्यावरून गावानं ओळखलं, की डाव मोठा आहे.

गाव आमचं सास्तूरच्या अलीकडं. भूकंपानंतर नव्यानं वसलेलं, म्हणून गल्ल्या दोरी लावून आखल्यासारख्या. या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाचा माणूस काढ्याची पातेली घेऊन निघतो. अशा गावात दोन परकी माणसं काय करतात हे कळायला वेळ लागत नाही. का करतात हे कळेना, तिथंच घोडं अडलं.

बाप्याचं नाव शांतवन पाटोळे, चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर. बाईचं नाव एस्तरबाई, बालवाडी चालवून निवृत्त झालेल्या. नगरकडची ख्रिस्ती माणसं. त्यांच्या मिशनची रीतच अशी, की लेकरं मार्गी लागलेली, साठी उलटलेली जोडपी काही महिने सेवेला दूरदूर पाठवायची. ही दोघं नाताळ धरून तीन महिन्यांसाठी आमच्या वाट्याला आली. नातवंडं सोडून नाताळाच्या तोंडावर परक्या गावात कोण येतं, हा पहिला संशय. तो मीच काढला, कारण मी त्यांच्या शेजारी राहतो आणि शेजाऱ्याचा तो हक्कच आहे.

जागा त्यांना सत्यभामेनं आपल्याच घरात दिली होती. तिचा नवरा वारून सव्वा वर्ष झालेलं, मूलबाळ नाही, चार एकर काळं रान. दीर कृष्णराज माजी सरपंच. सारा गाव त्याला अण्णा म्हणतो, मीही म्हणतो, त्याच्याहून वयानं मोठा असून. त्याच्या रानाचा बांध तिच्या बांधाला लागून. माणूस वाईट नव्हे, पण बांधाला बांध लागला की नजर घसरते. "वैनी, एकल्या बाईला रान झेपत न्हाय," हे तो इतक्या मायेनं सांगायचा, की ऐकणाऱ्याच्या डोळ्याला पाणी यावं.

सत्यभामेनं एक दिवस त्याला माझ्यादेखत उत्तर दिलं. "भावजी, यंदा म्या येळवशीची खोप घालनार. बाहेरची मानसं जेवाय आली तर रान मी करीन. कुणीच न्हाय आलं, तर रान तुमच्याकडं लावून येरमाळ्याला भावाकडं जाते. मग माझं तोंड दिसायचं न्हाय."

बाहेरच्या वाचणाऱ्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस. गावाला कुलूप, सगळे रानात. कडब्याची खोप करायची, आत पाच दगड चुन्यानं पांढरे करून पांडव मांडायचे, शेंगभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि ताकातल्या आंबिलीचा निवद दाखवायचा, आणि मग जो बांध ओलांडून येईल त्याला जेवू घालायचं. कोण, कुठला, कशाला आलास, विचारायचं नाही. आणि आलेल्यानंही न जेवता बांध ओलांडून परत जायचं नाही. ते मालकाच्या थोबाडीत मारल्यासारखं. ज्याच्या खोपीत दिवसभर बाहेरचं माणूस फिरकलं नाही, त्याच्या रानाला धनीच नाही असं लोक धरतात. त्या साली येळवस नाताळाच्या दोन दिवस आधी आली होती.

आता संशयाचं सांगतो. नकार गावानं तयार ठेवला होता. अण्णांनी तर पाठच केला होता; 'तुमचा देव तुम्हाला, आमचा आम्हाला, चहा घ्या आणि निघा' असा त्याचा शेवट होता. पण नकार द्यायला समोरच्यानं विचारायला तर पाहिजे. शांतवन विचारायचे ते भलतंच. गुडघा कसा आहे, लेक कुठं दिली. लेक अणदूरला दिली म्हटलं, की मग नळदुर्गाला गाडी बदलत असेल, तिथं संडास बंद असतो, लोहाऱ्यातूनच जाऊन घ्यायला सांगा. इतकी माहिती साधा माणूस बाळगतो का, तुम्हीच सांगा.

त्यातून ते एका वहीत नावं लिहायचे. गफारचं फाट्यावर चहाचं हॉटेल आहे, त्यानं धीर करून विचारलं. शांतवन सरळ म्हणाले, प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं घेतो, त्यासाठी. गफारच्या हातातली कपबशी थांबली, कारण त्याच्या बायकोचं, अन्वरीचं, नाव कंबरदुखीपुढं लिहिलेलं त्यानं पाहिलं. तिसऱ्या दिवशी अन्वरीची कंबर मोकळी झाली. गफार मला बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, हे काय चांगलं झालं न्हाय."

डिसेंबर लागला तसा एस्तरबाईंनी करंज्या, शंकरपाळे करून घरोघर ताटं पाठवली. कुणी परत केली नाहीत, कुणी खाल्लीही नाहीत. गफारनं आपलं ताट शेळ्यांना घातलं आणि चार दिवस त्यांच्यावर नजर ठेवली. एकाही शेळीच्या वागण्यात फरक पडला नाही. दूध मात्र पावशेर वाढलं, आणि त्यावरही दोन तर्क निघाले. दिवेलागणीला ती दोघं ओट्यावर बसून नाताळाची गाणी म्हणायची. शांतवन एका सुरात, एस्तरबाई दुसऱ्या, आणि समोर ऐकायला सत्यभामा आणि तिची म्हैस. आम्ही आपापल्या दाराआड बसून ऐकायचो, म्हणजे काही वावगं आलं तर कळावं. आलं नाही. लई धूर्त माणसं.

येळवशीला चार दिवस राहिले तेव्हा एस्तरबाईंनी सत्यभामेला एक गोष्ट विचारली. नाताळात त्यांच्यात गोठ्याचा देखावा मांडतात. मरीया, योसेफ, लांबून आलेले तिघं ज्ञानी आणि गव्हाणीत बाळ. मातीच्या मूर्ती त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून आणल्या होत्या. तुमची खोप कडब्याची, आमचा गोठाही कडब्याचा, तर कोपऱ्यात मांडल्या तर चालेल का? सत्यभामेनं चालेल म्हटलं. हे मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि गफारच्या हॉटेलात जाऊन सांगितलं. सांगताना मूर्ती थोड्या वाढल्या. वीतभराच्या होत्या त्या पुरुषभर झाल्या, आणि नगरहून आल्या होत्या त्या रोमहून ट्रकनं. गोष्टीला तेवढं तिखट-मीठ लागतंच.

पण त्या तिखटानं भलताच ठसका लागला. अण्णा दुसऱ्या दिवशी हॉटेलात आले. वाळीत टाकणं कायद्यानं गुन्हा आहे हे माजी सरपंचाला माहीत असतं, म्हणून ते शब्द चिमट्यानं उचलून ठेवावेत तसं बोलले. "कुणी वैनीच्या खोपीत जाऊ नगा, असं म्या म्हनत न्हाय. मी जानार न्हाय. एवढंच." सगळ्यांनी चहा संपवला आणि कुणी जाणार नाही असं न बोलता ठरलं. मीही माना डोलावणाऱ्यांत होतो.

अण्णांनी वहिनीला वाटही दाखवली. त्या दोघांना जागा सोडायला सांगा, शंभर माणूस मी स्वतः घेऊन येतो. हे शांतवनांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी आपणहून पिशव्या भरल्या. सोलापूरला ओळखीचे आहेत, नाताळ तिथं काढू, बाईचं रान जायला नको. सत्यभामा दारात आडवी उभी राहिली. मी भिंतीलाच होतो, मला शब्दन्शब्द आला.

"जेवू घालायच्या सणाआधी घरातली मानसं भाईर काढू? मग खोप कुनासाठी घालू, दादा? जायचं तर रान जाईल."

पिशव्या पुन्हा आत गेल्या. एस्तरबाई न जेवताच चुलीपुढून उठल्या. मलाही त्या दिवशी भाकर गोड लागली नाही, पण हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

येळवशीच्या सकाळी सत्यभामा डोईवर आंबिलीचं बिंदगं घेऊन निघाली, मागं एस्तरबाई भज्जीची पाटी घेऊन, त्यांच्यामागं शांतवन लुगड्यात गुंडाळलेल्या मूर्ती छातीशी धरून. तिघंच. बाकी गाव दुसऱ्या वाटेनं गेलं.

मी माझ्या रानात निवद दाखवला आणि स्वस्थ बसलो. कितीसा बसणार? रोमच्या पुरुषभर मूर्ती मीच उभ्या केल्या होत्या. त्या प्रत्यक्षात कशा दिसतात हे बघायला नको? शिवाय शांतवन आज धर्माचं नक्की विचारणार, अशी माझी खात्री होती. पाच आठवडे राखून ठेवलेला प्रश्न येळवशीलाच बाहेर निघणार. साक्षीदार पाहिजे. जायचं नाही असं ठरलं होतं. लांबून बघायचं नाही असं कुठं ठरलं होतं? मी सत्यभामेच्या ज्वारीत शिरलो. धाटं डोक्याच्या वर. दहा पावलं गेलो आणि कुणाच्या तरी पाठीवर पडलो.

गफार होता. शेळी हुडकायला आलो म्हणाला. मी म्हटलं, मीही. आम्ही दोघं पुढं सरकलो तर डावीकडं धाटं हलत होती, उजवीकडं कुणी खोकला दाबत होतं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी त्या रानात ज्वारीपेक्षा माणसं जास्त होती, आणि एकूणएक जण हरवलेली शेळी हुडकत होता. साऱ्या गावात मिळून शेळ्या एकोणीस.

खोपीपुढं सतरंजी अंथरलेली. पत्रावळींची चवड तशीच. सत्यभामा वाटेकडं तोंड करून बसलेली, आणि सकाळपासून तिथंच बघत असावी असं तिच्या मानेवरून कळत होतं. शांतवनांनी मात्र वाटेकडं न बघता ज्वारीकडं बघितलं. चौतीस वर्षं भरलेली गाडी हाताळलेला माणूस. दडलेला प्रवासी त्याला वासानं कळत असणार. ते उठून बांधापाशी आले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चला, पुढं सरका. आत जागा आहे."

आता सांगा, काय करायचं? बांध ओलांडून आत तर आम्ही कधीच आलो होतो. येळवशीला रानात पाय टाकला आणि न जेवता पळालं, तर ते बाईच्या रानावर थुंकल्यासारखं. आणि जेवलं, तर अण्णांपुढं तोंड कसं दाखवायचं. गफार उठला. मी उठलो. मग धाटं बाजूला सारत माणसं निघतच राहिली, कपड्यांवरची कुसळं झाडत, एकमेकांकडं न बघत. सगळ्यात शेवटी, फेट्यात ज्वारीचं पान अडकलेले, अण्णा निघाले.

सत्यभामेनं पदर सावरला. कुणालाच काही विचारलं नाही. "बसा," एवढंच म्हणाली.

अण्णा बसले नाहीत. ते खोपीत वाकून बघू लागले आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. आत पाच दगड होते पांढरे, आणि त्यांच्या शेजारी वीतभराच्या पाच मूर्ती, त्याही नखशिखान्त पांढऱ्या. खोपीत जे मांडायचं त्याला चुना लावायचा, ही आमची रीत; सत्यभामेनं दगड रंगवले तसा कुंचला पुढंही चालवला होता. मरीया कोण, ज्ञानी कोण, काही ओळखू येत नव्हतं. फक्त कडब्यातलं बाळ तिनं लहान म्हणून सोडलं होतं. एस्तरबाईंना विचारावं तर त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

अण्णा उभे राहिले. पाठ केलेला नकार आता त्यांच्या ओठांवर आलेला दिसला. "वैनी, पांडव धा कसे? हे पाच कोन?"

"पाव्हने हायेत," सत्यभामा पत्रावळ मांडत म्हणाली. "येळवशीला रानात आल्याला कोन म्हून इचारत्यात का, भावजी? तुम्हाला कुनी इचारलं?"

अण्णा बसले.

जेवणं सुरू झाली. तरी कुणाचं लक्ष उंड्याकडं नव्हतं. सगळ्यांचे डोळे शांतवनांवर. अर्धं जेवण झालं आणि ते उठून उभे राहिले. चाळीस माणसांचे घास थांबले. गफारनं माझं मनगट धरलं. अण्णांनी घसा खाकरला. शांतवनांनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली, मनात मोजल्यासारखी, आणि म्हणाले, "बाई, मागच्या माणसांना आंबील पोचली नाही. आणखी आहे का?"

सत्यभामेनं बिंदग्यात पळी घातली. पळी तळाला खरवडली. तिनं पुन्हा घातली. पाच-सात जणांच्या बेतानं आंबील केलेली. इतकी माणसं येतील असं तिला कुठं वाटलं होतं. आलेला माणूस अर्धपोटी उठला तर तो आलाच नाही असं धरतात, आणि हे अण्णांना इतरांपेक्षा चांगलं माहीत होतं. ते पत्रावळीकडं बघत राहिले. त्यांच्या मिशीत मला हसू दिसलं, असं मी शपथेवर सांगणार नाही.

तेवढ्यात बांधावर बांगड्या वाजल्या. अण्णांची बायको दीपमाला, डोईवर काठोकाठ भरलेलं बिंदगं, चेहरा लालबुंद. नवऱ्याकडं तिनं बघितलंही नाही. सरळ येऊन बिंदगं जावेपुढं उतरवलं.

"सकाळधरनं खोपीत एकली बसलीया म्या. मानूस न्हाय का कानूस न्हाय. धनीच उठून ज्वारीत शिरला, तर भाईरचं कोन येनार? धरा, ताई. तुमच्यात मानसं हायेत, माझ्यात आंबील हाय."

दोघी जावांनी पदर खोचले आणि वाढत सुटल्या. मागची पंगत भरली, मग पुढची पुन्हा भरली. एस्तरबाई लोणचं घेऊन फिरल्या. मी दोनदा आंबील घेतली आणि गफारनं चारदा, तरी नंतर तो दोनदाच म्हणतो.

सत्यभामा वाढत वाढत दिरापुढं आली, त्याच्या पत्रावळीवर अख्खा उंडा ठेवला आणि तो तोंडात जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "भावजी, उन्हाळ्यात नांगरटीला तुमचा ट्रॅक्टर पाठवा. भाडं देईन."

अण्णांचं तोंड भरलेलं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती का ठसक्याची, यावर गफारच्या हॉटेलात अजून एकमत नाही. सत्यभामेनं होकार धरला आणि पुढच्या पत्रावळीकडं वळली.