साडेसात मिलिमीटर

"सहा वेळा काढली कानस. दाते मोजून मोजून डोळे फुटायची वेळ आली. पन खरी कानस कुठं हाय, ते कोनी सांगायचं नाय!"

कुरकुर अगदी कानाशी झाली. हिरा वर्कशॉपच्या दाराआड झाडू घेऊन वाकली होती आणि दाराच्या पलीकडे, पायरीवर बसून, नववीतली मंगळी जर्नलमध्ये कानशीचं चित्र काढत होती. आपलं कुणी ऐकतंय हे तिच्या गावीही नव्हतं. हिराला हसू आलं आणि लगेच जिरलंही. कारण लोखंड घासायची ती खरी कानस त्या क्षणी हिराच्या मागच्या कपाटात, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली होती, आणि गेली दहा वर्षं ती हिराशिवाय कुणी हातात धरली नव्हती.

बोईसरच्या त्या शाळेत नववीपासून तंत्र विषय घेता येत असे. संस्कृत सोडा, तंत्र घ्या, असा तो मामला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून शाळा, तेव्हा कुणातरी भल्या माणसाला वाटलं, पोरांना हातचं काम यावं. लेथचं यंत्र आलं, लोखंड आवळून धरणारे सहा व्हाइस आले, शिकवायला एक खरा फिटर मास्तरही आला. पहिल्या वर्षीच्या सव्वीस पोरांनी सव्वीस जॉब केले. जॉब म्हणजे लोखंडाच्या दोन पट्ट्या. एकीला खाच, दुसरीला तशीच चोच, आणि दोन्ही एकमेकींत अशा बसायच्या की मधून उजेड दिसता कामा नये. मग सुजित नावाच्या पोराचं बोट करवतीखाली आलं. नखावरच निभावलं, पण आईबापांनी शाळा डोक्यावर घेतली. वर्कशॉपला कुलूप लागलं. फिटर मास्तर दुसरीकडे गेला तो गेलाच, आणि विषय मात्र कागदावर राहिला. कागदाला बोट नसतं, कापायची भीती नाही.

त्या विषयाचा भार दिनानाथ सरांकडे आला. सर मूळचे भूगोलाचे. माणूस वाईट नव्हता. मुलांकडून नद्या तोंडपाठ करून घ्यायचा. पण परीक्षा दरवर्षी यायची आणि परीक्षकाला जॉब दाखवावे लागायचे. सरांनी पहिल्या तुकडीचे सव्वीस जॉब कपाटातून काढले आणि हिराला म्हणाले, "हिराबाई, यांच्यावरचे नंबर तेवढे घासून काढा. नवे ठोकू."

हिरा समुद्राकाठच्या दांडी गावची. मावरं, म्हणजे मासळी, विकणाऱ्या आईची लेक; कोयत्याला धार लावणं तिला उपजत. शाळेत ती शिपाईण, दर जूनला नवी नेमणूक, सरांनी शब्द टाकला की मिळणारी. तिने घासले. पट्टीचा एक कोपरा घासला तर खड्डा दिसतो, म्हणून ती अख्खी पट्टी सपाट करी. पुढच्या मे महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या मेमध्ये पुन्हा. घासता घासता हिराचा हात असा बसला की डोळे मिटूनही पट्टी वाकडी जाणार नाही. सरकारने तंत्र विषय कुणासाठी काढला असेल तो असो, शिकली ती शिपाईण.

त्या दिवशी तिने झाडू भिंतीला टेकवला आणि बाहेर आली.

"कानस पायजे तुला?"

मंगळी दचकून उभी राहिली. मासवण गावची ही पोर बोईसरच्या वसतिगृहात राहायची. आईबाप पावसात शेत करत, दिवाळी सरली की वीटभट्टीवर जात. "हिरामावशी, मी उगाच बोलले."

"उगाच नाय बोललीस. कशाला पायजे ते सांग."

"मला फिटर व्हायचंय. आयटीआयत जायचंय. वसतिगृहाच्या बाई म्हनतात, ब्युटी पार्लर घे, मुलींना बरं पडतं." तिने जर्नल मिटलं. "बरं कोनाला पडतं, ते नाय सांगत."

हिराने तिच्याकडे जरा नीट पाहिलं. मग म्हणाली, "मधल्या सुट्टीत ये. डबा खाऊन ये, उपाशी माणसाच्या हातून कानस घसरते."

भंगारवाल्याकडून हिराने दहा मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या आणल्या. वर्कशॉपची किल्ली तिच्याच कमरेला असायची. झाडायला म्हणून उघडायचं आणि आतून कडी लावायची.

"पुढं जाताना दाब, मागं येताना सोड," पहिल्या दिवशी हिरा म्हणाली. "वल्हं मारतात तसं."

"मी वल्हं कदी पायलंच नाय."

"नाय? मग विळ्याला धार लावतेस तशी."

"हां, मग असं सांग ना!"

मंगळीच्या तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. पहिली खाच तिरकी गेली. दुसऱ्या पट्टीची चोच इतकी घासली गेली की खाचेत ती दातपडक्या म्हातारीसारखी हलू लागली. हिराने दोन्ही उचलून भंगारात टाकल्या. मंगळीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडायचं असेल तर बाहेर जा, बाय. इथं पाणी सांडलं की लोखंड गंजतं."

मंगळी नाक पुसत हसली आणि नवी पट्टी व्हाइसमध्ये आवळली. असं नववीचं अर्धं वर्ष गेलं, दहावीचं बरंचसं गेलं. जानेवारीत तिचा जॉब झाला. पट्ट्या एकमेकींत बसल्या. एका बाजूला मात्र दोऱ्याएवढा उजेड राहिला होता, आणि त्यापुढे घासायला लोखंड उरलं नव्हतं.

परीक्षेच्या आठवड्यात दिनानाथ सरांनी नेहमीप्रमाणे जॉब वाटले. "उत्कर्षा, हा तुझा, नंबर चार. तू बनवलास असं समज. कुणी विचारलं तर काय सांगशील?"

"आधी आखणी केली, मग करवतीने कापलं, मग कानशीने घासलं," उत्कर्षाने एका दमात म्हटलं. तिचे वडील अणुऊर्जा केंद्रात नोकरीला. पोर हुशार, पाठांतर चोख.

"शाब्बास. मंगळी, नंबर सतरा."

मंगळीने हात पुढे केलाच नाही. दप्तरातून फडक्यात बांधलेला स्वतःचा जॉब काढून टेबलावर ठेवला. "सर, माझा हाय."

सरांनी तो उचलला, खिडकीकडे धरला, आणि त्यांचा चेहरा उतरला. कुठून आला, कुणी शिकवला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. दाराशी उभ्या हिराकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "अगं, फट दिसतेय यातून. बाकीच्यांच्या शेजारी हा ठेवलास तर नापास होशील. हट्ट करू नकोस, सतरा नंबर घे."

"नको सर."

"का नको?"

"तो मी नाय बनवला."

वर्गात कुणी हसलं नाही. उत्कर्षाने आपला चार नंबर वहीखाली सरकवला.

परीक्षेच्या दिवशी वर्कशॉप उघडून सव्वीस जॉब टेबलावर ओळीने मांडले. पंचवीस तेल लावून चकचकीत, आणि सतराव्या जागेवर मंगळीचा, काळपट, कडांवर कानशीच्या रेघा असलेला. परीक्षक साहेब खुर्चीवर बसले. तीन वर्षं तेच येत होते. त्यांनी चार नंबर उचलला, उजेडाकडे धरला. "सुंदर काम!" गेल्या वर्षीही त्यांनी हाच जॉब उचलला होता आणि हेच म्हटलं होतं. चहाची किटली घेऊन दाराशी उभ्या हिराला ते शब्द पाठ होते.

सतरावर मात्र साहेब थबकले. "हा कुणाचा?"

"माझा, साहेब."

"यातून उजेड येतोय. बाकीच्यांचे बघ. एकाच शाळेत, एकाच सरांकडे शिकता ना तुम्ही?"

मंगळीने मान वर ठेवली. हिराकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पोरगी आपलं नाव घेणार नाही, हे हिराला कळलं. आणि ते कळल्याबरोबर तिच्या हातातली किटली जड झाली.

"कुणी शिकवलं असं?"

"मीच केला," मंगळी म्हणाली.

"ते दिसतंय." साहेबांनी पेन उघडलं. "चाळीसपैकी आठ. बाळ, हे क्षेत्र सगळ्यांना जमतं असं नाही. मुलींसाठी दुसरे विषय आहेत की."

दिनानाथ सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, कंपन्यांच्या चिमण्या होत्या आणि त्या रोजच असतात. पंचवीस मुलं आपापल्या बुटांकडे बघत होती. आठचा आकडा कागदावर उमटायचा तेवढा राहिला होता.

हिराने किटली लेथवर ठेवली. अकरा वर्षांत त्या लेथवर तेवढंच वजन पडलं असेल.

"साहेब, फट मोजलीत. आता जाडी मोजा."

"हिराबाई, चहा ठेवा आणि जा," सर घाईने म्हणाले. त्यांचा आवाज विनवणीचा होता. जून त्यांच्याच हातात होता, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

"ठेवला चहा. मोजा साहेब. ते व्हर्निअर की काय तुमच्या पिशवीत हाय ना?"

साहेबांना राग आला, पण पोरांसमोर मोजायला नाही कसं म्हणणार? त्यांनी मंगळीची पट्टी मोजली. "दहा. जॉबच्या आराखड्यात आहे तेवढीच."

"आता चार नंबर."

त्यांनी मोजली. पुन्हा मोजली. पाच नंबर घेतला, नऊ घेतला, बावीस घेतला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साडेसात," ते हळूच म्हणाले. "सगळ्या साडेसात. दिनानाथ सर, पट्ट्या दहाच्याच येतात. अडीच मिलिमीटर लोखंड गेलं कुठे?"

सरांनी चार नंबर उचलून पुन्हा ओळीत ठेवला. उत्कर्षाने ओठ उघडले, पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं असावं, आणि तिने ते गिळून टाकलं. साहेबही खरं तर उत्तराची वाट बघत नव्हते. त्यांनी चष्मा पुन्हा घातला आणि पेन शोधू लागले, जणू प्रश्न विचारला एवढं पुरे झालं.

हिराने पदराला हात पुसले. तळहात उताणे करून, घट्टे साहेबांना दिसतील असे, टेबलावर टेकले.

"जाईल कुठं साहेब, माझ्या कानशीखाली गेलं. दर मे महिन्यात जुने नंबर मीच घासते नि तेच जॉब तुम्ही दरसाल बघता. अकरा वर्षांत या खोलीत एका पोरालाबी कोना मास्तरानं काय शिकवलेलं नाय. काम केलं ते या एकट्या मंगळीनं."